डेम्लोची झडती: सतरा अंकी संख्या हाताने कशी उलगडायची

चौकटीची वही घ्या, शाळेत गणिताला असते तशी. पेन्सिल घ्या, पेन नको. वरच्या ओळीत एका चौकटीत एक अंक याप्रमाणे लिहा:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा चौकटी भरल्या पाहिजेत. अठरा भरल्या असतील तर ९ दोनदा लिहिला गेलाय, खोडा.

आज हिची झडती घ्यायची. अशी झडती कुठल्याही मोठ्या संख्येची घेता येते, पण शिकायला ही बरी. पाठ करावी लागत नाही, आणि पोटात बरंच काही दडलेलं आहे. शिवाय ती आपल्या घरची. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. नाव ऐकून कुणी ग्रीक पंडित डोळ्यांसमोर येतो, पण डेम्लो हे जीआयपी (म्हणजे आजच्या मध्य) रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. (सकाळी सव्वाआठच्या गर्दीत तिथल्या फलाटावर उभं राहून आता एखादी संख्या सुचून दाखवा!)

डेम्लोपणा कशात आहे ते लगेच तपासून घ्या. मधल्या ९ च्या डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्हींची बेरीज करा: ९९९९९९९९. जो अंक मधे, तोच बेरजेत ओळीने. धाकट्या भावंडांतही हेच दिसतं. १२१ मध्ये १ + १ = २ आणि मधे २; १२३२१ मध्ये १२ + २१ = ३३ आणि मधे ३.

आधी नीट वाचा

हे लोक टाळतात आणि पुढे एखादा अंक हरवून बसतात. उजवीकडून आधी तीन अंक तोडा, मग दोन-दोन: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. कोटीच्या भाषेत ही संख्या एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटी दोनदा येतो, म्हणून बोलताना जीभ अडखळते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) स्थानांची नावं एककापासून परार्धापर्यंत दिली आहेत, एकूण अठरा. आपल्या संख्येचा पहिला १ सतराव्या स्थानावर, म्हणजे ‘मध्य’ या स्थानावर बसतो. आणखी एक चौकट असती तर परार्ध गाठला असता.

यंत्रावर एवढ्यात विसंबू नका

मी ही संख्या पहिल्यांदा एका स्प्रेडशीटमध्ये टाकली. तिथे पंधराच अंक टिकतात. शेवटच्या २१ च्या जागी गुपचूप ०० झालं. माझं लक्षच नव्हतं. त्या खोट्या संख्येचे अवयव पाडण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली आणि उत्तरात २ आणि ५ का येतायत हे कळेना. विषम संख्येत २! तेव्हाच जागं व्हायला हवं होतं.

हे का होतं तेही पाहा. बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत अपूर्णांकांसाठी जो ‘डबल’ नावाचा प्रकार असतो, त्यात २ चा ५३वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, इथपर्यंतच प्रत्येक पूर्ण संख्या बसते. तिथून पुढे त्याच्या दुपटीपर्यंत फक्त सम संख्यांना जागा आहे. आपली संख्या त्या पट्ट्यात पडते आणि विषम आहे. मग तिच्याऐवजी शेवटी ३२० असलेली शेजारीण बसवली जाते. पायथनमध्ये पूर्ण संख्या कितीही लांब चालते, तिथे 111111111**2 (म्हणजे १११११११११ चा वर्ग) लिहिलंत तर उत्तर अचूक येईल. पण ते १११११११११ कुठून आलं? पुढची पायरी तीच.

संख्या बनली कशी ते शोधा

माझ्या मते सगळी झडती इथेच निम्मी होते. समोर आलेल्या संख्येवर थेट भागाकारांचा मारा करण्याआधी तिची घडण बघावी. चढती-उतरती रांग दिसली की छोटं उदाहरण करून पाहायचं. १११ × १११ मांडा:

१११
१११०
१११००

उभी बेरीज करा. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग पुन्हा दोन, मग एक. १२३२१. रकान्यात किती १ आहेत एवढंच मोजायचं. नऊ वेळा १ घेतला की नऊ ओळी होतात आणि मधल्या रकान्यात नऊ १ येतात. तेव्हा आपली संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग.

नऊच का? कारण तोवर हातचा येत नाही. दहा वेळा १ घेऊन वर्ग केलात तर मधल्या रकान्यात १० येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. रांग मधेच मोडते. म्हणजे आपली संख्या या घराण्यातली शेवटची सरळ मुलगी.

यापुढे सतरा अंकांशी झुंजायची गरज उरली नाही. वर्गमूळ नऊ अंकी आहे. त्याचे अवयव सापडले की सगळं सापडलं.

विभाज्यतेच्या कसोट्या

तरीही कसोट्या पूर्ण संख्येवरच लावून बघू. हात बसायला पाहिजे, आणि वर्गमूळ दरवेळी असं आयतं मिळत नाही.

एकक स्थानी १, म्हणून २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ८१, म्हणून ३ आणि ९ ने भाग जातो. इथे नवखे घसरतात: बेरीज ८१ आली म्हणून ८१ ने भाग जातो असं म्हणून मोकळे होतात. कसोटी ९ पर्यंतच खरी आहे. १८९९ घ्या, अंकांची बेरीज २७, पण २७ ने भागल्यास बाकी ९ उरते. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातोच, पण कारण वेगळं आहे: वर्गमूळाला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ९ × ९ ने.

आता ७, ११ आणि १३ एका झटक्यात. १००१ = ७ × ११ × १३, त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-उणे करायचं. (इथे आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम विसरा, गट सरळ तिनाचे.) गट असे: १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१.

३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९

३०९ ला ७ ने भागा, बाकी १. ११ ने, बाकी १. १३ ने, बाकी १०. तिन्ही बाद. आणि लक्षात घ्या, मूळ सतरा अंकी संख्येला भागलं असतं तर बाक्या नेमक्या याच आल्या असत्या.

तेच गट आता नुसते मिळवा. ९९९ = २७ × ३७, म्हणून ही बेरीज २७ आणि ३७ ची कसोटी होते.

१२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७

पुन्हा गट: २ + ९९७ = ९९९. भाग गेला! ३७ हा अवयव हाती लागला. २९९७ हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, तो परत भेटणार आहे.

मूळ अवयव

वर्गमूळ १११११११११. आधी ९ ने भागा, आणि हा भागाकार मात्र स्वतःच्या हाताने करा, कॅल्क्युलेटरवर नको. ११ मध्ये ९ एकदा, बाकी २. पुढचा १ उतरवला, २१ झाले: दोनदा, बाकी ३. ३१: तीनदा, बाकी ४. ४१: चारदा, बाकी ५. ५१, ६१, ७१ असंच चालतं, बाकी दरवेळी एकाने वाढते. ७१ ला सात वेळा, बाकी ८. आता उतरले ८१. आठ वेळा म्हणायला तोंड उघडतं आणि लक्षात येतं की ८१ ला नऊ वेळा पूर्ण भाग जातो. उत्तर १२३४५६७९. मधला ८ कुठे गेला हे लोक कोडं म्हणून विचारतात. तो गेला कुठेच नाही, बाकी शून्य होण्याच्या नादात त्याची पाळीच आली नाही.

१२३४५६७९ ला ३७ ने भागा: ३३३६६७. म्हणजे

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

उरला ३३३६६७. ही मूळ संख्या आहे का?

सरधोपट मार्ग असा: तिचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मधे येतं, म्हणून ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. अशा १०६ आहेत. एवढे भागाकार करायला कुणाला वेळ आहे? पुन्हा घडणीकडे वळू या.

३३३६६७ हा १११११११११ चा अवयव, म्हणून ९९९९९९९९९ चाही अवयव. (३३३६६७ × २९९७ करून पाहा, नऊ नऊ येतात. कोपऱ्यातला आकडा!) समजा, ३३३६६७ ला एखाद्या मूळ संख्येने भाग जातो. मग त्या मूळ संख्येने नऊ नऊंनाही भाग जाईल. अशा संख्येने १ ला भागलं की आवर्ती दशांश अपूर्णांक येतो, आणि त्यात परत परत येणाऱ्या अंकांच्या गटाची लांबी ९ ची विभाजक असते: १, ३ किंवा ९. लांबी १ फक्त ३ ची (०.३३३…). लांबी ३ फक्त ३७ ची (०.०२७०२७…), कारण ९९९ मध्ये ३ सोडून ३७ हाच मूळ अवयव आहे. बाकी सगळ्यांची लांबी ९ च असायला हवी.

आणि हाच कळीचा मुद्दा आहे: ती लांबी नेहमी ‘मूळ संख्या वजा १’ ला निःशेष भागते. तेव्हा आपली मूळ संख्या ९ च्या पटीपेक्षा एकाने मोठी. शिवाय विषम, म्हणून १८ च्या पटीपेक्षा एकाने मोठी. १८ चा पाढा म्हणत एकेक मिळवा, मूळ नसलेल्या गाळा, आणि ५७७ पर्यंत थांबा. वहीत एवढंच उरतं:

१९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७

सतरा. यातल्या ३७ ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि ३ चा प्रश्न अंकांच्या बेरजेने सुटतो (२८, भाग नाही). सोळा भागाकार राहिले. १९ ने बाकी ८, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने ६… एवढे मी करून दिले, पुढचे अकरा तुम्ही करा. बाकी शून्य कुठेच येत नाही. ५२३ ला जरा जपून, तिथे बाकी ५१६ येते आणि घाईत भाग गेल्यासारखं वाटतं.

तर ३३३६६७ मूळ आहे, आणि पूर्ण संख्या:

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

चहा घ्या. अवघड काम संपलं.

अवयवांवरून आपोआप मिळणाऱ्या गोष्टी

विभाजक किती? प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार: ५ × ३ × ३ = ४५. विभाजकांची संख्या विषम आली, आणि ती वर्गसंख्येचीच विषम येते. विभाजक जोडीने येतात, फक्त १११११११११ ला जोडीदार म्हणून स्वतःच मिळतो. तुमचं उत्तर सम आलं असतं तर कुठेतरी चूक आहे हे इथेच कळलं असतं.

स्वतःला वगळून बाकीच्या ४४ विभाजकांची बेरीज ६,६०,८६,००,६०,५१,७३,२५८ होते. संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त. बेरीज संख्येएवढी झाली तर ती परिपूर्ण संख्या (६ किंवा २८ सारखी). कमी पडली तर न्यून. आपली न्यून. एवढ्या देखण्या संख्येला न्यून म्हणणं जिवावर येतं, पण नियम तो नियम.

आता कापरेकरांची दुसरी देणगी. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं, हर्ष देणारी. आपल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो हे वर सिद्ध झालंय. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. गंमत पुढे आहे. त्या १२३४५६७९ च्या अंकांची बेरीज करा: ३७. आणि ३७ हा तिचा अवयव! तीही हर्षद. वर्गमूळ १११११११११, बेरीज ९, तीही हर्षद. एकाच घरात तिघी. फक्त ३३३६६७ तेवढी रुसलेली; मूळ असल्यावर २८ ने भाग जायचा कसा?

शेवटी एक त्रिकोण

हे मला फार उशिरा दिसलं, म्हणून मुद्दाम दाखवतो. ३, ३७ आणि ३३३६६७ या तिघांना ४ ने भागा. ३ ची बाकी ३, ३३३६६७ चीही ३. फक्त ३७ ची बाकी १ येते. ज्या मूळ संख्येला ४ ने भागून बाकी १ उरते, ती काटकोन त्रिकोणाचा कर्ण होऊ शकते. ३ बाकीवाल्या कधीच नाही. ३७ चा त्रिकोण आहे १२, ३५, ३७: १४४ + १२२५ = १३६९. पडताळून घ्या.

आता तिन्ही बाजूंना ९ × ३३३६६७ म्हणजे ३००३००३ ने गुणा:

३६०३६०३६, १०५१०५१०५, १११११११११

हे पायथागोरसचं त्रिकुट. पहिल्या दोघांच्या वर्गांची बेरीज केलीत की आपली डेम्लो संख्या येते. ३६, १०५, १११ हाच छोटा त्रिकोण तीनदा शेजारी शेजारी छापल्यासारखा दिसतो. आणि १११११११११ हा कर्ण असलेला, पूर्ण संख्यांच्या बाजूंचा दुसरा त्रिकोण नाही, कारण १ बाकीवाला अवयव एकच आहे आणि वर्गमूळात तो एकदाच येतो.

तुमच्यासाठी

आता १२३४५६७६५४३२१ घ्या. वर्गमूळ १११११११, सात वेळा १. सात ही मूळ संख्या, म्हणून आवर्ती गटाची लांबी १ किंवा ७. लांबी १ फक्त ३ ची, आणि ३ ने भाग जात नाही, बेरीज ७ आहे. मग १८ च्या जागी १४ चा पाढा: २९, ४३, ७१, ११३… अशा क्रमाने भागत जा. यादीतल्या आठव्या मूळ संख्येला बाकी शून्य येईल. समोर जो चार अंकी भागाकार उरेल, तो मूळ आहे हे सिद्ध करायला फक्त दोन भागाकार पुरतात. कुठले दोन, ते वहीत लिहा.